खोकला, धाप आणि छातीची तपासणी



तुम्हांला आता शंभरपर्यंत अंक येतात. घड्याळातला मिनिटकाटा आणि सेकंदकाटा ओळखता येतो. शिकलेली विद्या पेटीत ठेवायची नसते, ती कामाला लावायची असते. या धड्यात आम्ही तिला फार मोठ्या कामाला लावणार आहोत. घड्याळ वाचता येणे आणि साठपर्यंत मोजता येणे, एवढ्यावर एखाद्या बाळाचा जीव वाचू शकतो. तो कसा, ते पाहू.

खोकला कोणाला होत नाही? थंडी पडली की होतो. मळणीच्या धुरळ्याने होतो. चुलीच्या धुराने होतो. पुष्कळदा तो आपोआप जातो. पण काही खोकले साधे नसतात. साधा खोकला कोणता आणि घातकी कोणता, हे डॉक्टर कसे ओळखतात? ते काय विचारतात? छातीवर बोटाने का ठोकतात? कानात नळ्या घालून काय ऐकतात? हे आपल्याला कळले तर दोन फायदे होतील. एक, आपण डॉक्टरांना नीट माहिती देऊ. दोन, डॉक्टरांकडे केव्हा धावावे, हे आपल्यालाच कळेल.

१. छातीतला भाता

लोहाराचा भाता तुम्ही पाहिला असेल. तो फुगतो, हवा आत घेतो. तो दबतो, हवा बाहेर टाकतो. आपल्या छातीत असेच दोन भाते आहेत. त्यांना फुप्फुसे म्हणतात. भाता बंद पडला की भट्टी विझते. फुप्फुसे थकली की शरीराची भट्टी विझू लागते.

नाकातून हवा आत जाते. ती घशातल्या मोठ्या नळीतून खाली उतरते. त्या नळीला झाडासारख्या फांद्या फुटतात. फांद्यांना डहाळ्या फुटतात. प्रत्येक डहाळीच्या टोकाला बारीक बारीक फुगे असतात. हवेतला प्राणवायू या फुग्यांतून रक्तात जातो.

आता रोग कोठे होतो ते पहा. नळ्या आवळल्या आणि आत चिकट कफ साचला, की दमा. धुराने नि विडीने नळ्या कायमच्या खराब झाल्या, की म्हातारपणची जुनी धाप. फुग्यांत पू आणि पाणी भरले, की न्युमोनिया. जंतूंनी फुप्फुस पोखरले, की क्षय. म्हणजे खोकला एकच, पण त्याची मुळे निरनिराळी. म्हणून एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही. शेजाऱ्याची उरलेली गोळी आपण का घेऊ नये, ते आता तुमच्या ध्यानात आले असेल.

२. डॉक्टर आधी विचारतात

चांगला डॉक्टर आल्याबरोबर सुई टोचत नाही. तो आधी विचारतो. समजा, एक आजोबा दवाखान्यात गेले.

“काय होतंय, आजोबा?”

“खोकला हाय, साहेब. एक इंजेक्शन द्या म्हंजे झालं.”

“देऊ, लागलं तर. पण खोकला किती दिवस आहे?”

“झाले की बरेच दिवस.”

“बरेच म्हणजे किती? पोळ्याच्या आधीपासून की नंतर?”

“पोळा झाला नि मग लागला. दसऱ्याला वाढला.”

पहा, ‘बरेच दिवस’ या उत्तराने डॉक्टरांना काही कळले नाही. पोळा आणि दसरा म्हटल्यावर कळले. खोकला दोन महिने जुना आहे, हे हाती लागले. आणि दोन महिन्यांचा खोकला म्हणजे थुंकी तपासलीच पाहिजे. एका उत्तराने तपासणीची दिशा ठरली.

डॉक्टर आणखी पुढील गोष्टी विचारतात. त्यांची उत्तरे घरूनच ठरवून जावे.

खोकला किंवा धाप केव्हापासून आहे? रोज असते की अधूनमधून? रात्री वाढते का?

बेडका पडतो का? तो पांढरा, पिवळा की हिरवा? त्यात रक्त दिसले का?

ताप येतो का? संध्याकाळी येतो का? रात्री घामाने अंग भिजते का? वजन घटले का?

दम केव्हा लागतो? चढ चढताना, सपाटीवर चालताना, की बसल्या जागी?

काम कोणते? विडी, तंबाखू किती? घरात चूल आहे का?

घरात कोणाला क्षय झाला होता का?

आधी कोणते औषध घेतले? त्याची चिठ्ठी किंवा रिकामे पाकीट आहे का?

कामाचा प्रश्न ऐकून काही मंडळींना नवल वाटते. “माझ्या खोकल्याचा नि कामाचा काय संबंध?” असे ते म्हणतात. संबंध फार आहे. खडी फोडणाऱ्याच्या छातीत दगडाची धूळ जाते. संगमनेर आणि नगर भागांत कितीतरी बायाबापड्यांनी घरी बसून विड्या वळल्या. त्यांच्या नाकातोंडात तंबाखूची भुकटी जाते. पाथर्डी, जामखेड, शेवगावकडची माणसे ऊसतोडीला जातात. कडाक्याच्या थंडीत कोपीत राहतात. कोपीतच चूल, कोपीतच धूर आणि कोपीतच तान्हे लेकरू. डॉक्टरांना हे सांगितले नाही तर त्यांना ते कसे कळावे?

आणि एक गोष्ट. लपवू नये. घरात क्षय होऊन गेला हे सांगायला लोक लाजतात. सुनेला क्षय आहे असे कळले तर गाव काय म्हणेल, म्हणून सासर गप्प राहते. गाव काही म्हणो, जंतू मात्र ऐकत नाही. लपविलेला रोग घरातल्या पोरांना धरतो.

३. डोळ्यांनी पाहणे

विचारून झाले की डॉक्टर रोग्याकडे पाहतात. तो पूर्ण वाक्य बोलू शकतो, की दोन शब्दांनंतर थांबतो? ओठ आणि नखे निळसर झाली आहेत का? मानेचे स्नायू ताणले जातात का? बोटांची टोके गोल, फुगीर झाली आहेत का? पायांवर सूज आहे का?

मग ते श्वास मोजतात. मोठे माणूस स्वस्थ बसले असता मिनिटात सुमारे १२ ते २० वेळा श्वास घेते. बसल्या जागी तीस श्वास होत असतील तर ते धोक्याचे लक्षण आहे. श्वास मोजतो आहोत हे रोग्याला सांगू नये. सांगितले की त्याचा श्वास बदलतो. म्हणून शहाणे डॉक्टर नाडी धरल्यासारखे करतात आणि नजर छातीवर ठेवतात.

४. हात लावणे आणि ठोकणे

नंतर डॉक्टर छातीवर हात ठेवतात. दोन्ही बाजू सारख्या फुगतात का, ते पाहतात. मग डाव्या हाताचे बोट छातीवर आडवे ठेवून त्यावर उजव्या बोटाने टकटक करतात.

ही युक्ती कोणी काढली? तिची गोष्ट गमतीची आहे. ऑस्ट्रिया देशात लिओपोल्ड आउएनब्रुगर नावाचे डॉक्टर होते. त्यांचे वडील खानावळ चालवीत. दारूच्या पिंपावर बोटाने ठोकले की पिंप कोठपर्यंत भरले आहे ते आवाजावरून कळते. आउएनब्रुगर यांनी हाच उपाय माणसाच्या छातीवर लावला आणि १७६१ साली त्यावर पुस्तक लिहिले. प्रथम लोकांनी फारसे लक्ष दिले नाही. पुढे मात्र जगभरचे डॉक्टर ठोकू लागले.

आपल्याला ही विद्या नवीन नाही. कुंभाराकडून मडके घेताना आपण ते वाजवून घेतो. धान्याच्या कणगीवर थाप मारून ती किती भरली हे सांगतो. छातीचेही तसेच. आत हवा असेल तर पोकळ आवाज येतो. आत पाणी साचले असेल, किंवा न्युमोनियाने फुप्फुस घट्ट झाले असेल, तर बद्द आवाज येतो.

५. कानांनी ऐकणे

कानात घालायच्या नळीला स्टेथोस्कोप म्हणतात. तो १८१६ साली फ्रान्स देशात निघाला. पूर्वी डॉक्टर रोग्याच्या छातीला कान लावून ऐकत. लाएनेक नावाच्या डॉक्टरांकडे एक तरुण बाई आली. तिच्या छातीला कान लावणे त्यांना बरे दिसेना. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी केली. एक टोक बाईच्या छातीवर ठेवले, दुसरे आपल्या कानाला. आवाज पूर्वीपेक्षाही स्पष्ट आला! पुढे त्यांनी लाकडाची नळी केली. दुःखाची गोष्ट अशी की, छातीचे रोग जगाला ओळखायला शिकविणारे हे डॉक्टर १८२६ साली स्वतःच क्षयाने वारले. तेव्हा क्षयावर औषध नव्हते. आज आहे.

डॉक्टर नळीतून काय ऐकतात? निरोगी छातीत हवेचा मऊ सरसर आवाज येतो. दम्यात शिट्टीसारखा आवाज येतो. न्युमोनियात चुरचुर असा बारीक आवाज येतो. छातीत पाणी असेल तर त्या जागी काहीच ऐकू येत नाही. म्हणून डॉक्टर पुढून, मागून, दोन्ही बाजूंना नळी लावतात आणि “जोरात श्वास घ्या, आता सोडा” असे म्हणतात. अशा वेळी बोलू नये. सदऱ्यावरून नळी लावा म्हणू नये.

ज्याने विचारले नाही, पाहिले नाही, छातीला नळी लावली नाही आणि एकदम सुई टोचली, त्याने तपासले असे म्हणता येत नाही. “मला तपासा, साहेब,” असे म्हणण्याचा हक्क गरिबालाही आहे.

६. बाळाचा श्वास कसा मोजावा

आता या धड्याचा मुख्य भाग आला. तो दोनदा वाचा.

लहान बाळाला बोलता येत नाही. “मला दम लागतो” असे ते सांगू शकत नाही. पण त्याचे पोट आणि छाती सांगते. बाळाला न्युमोनिया झाला की श्वास जलद होतो. आपल्याकडे त्याला ‘पोट उडतं’ म्हणतात, कोणी ‘छाती भरली’ म्हणतात.

मोजण्याची रीत अशी:

बाळ शांत असावे. रडत असताना किंवा पीत असताना मोजू नये. झोपलेले असेल तर उत्तम.

अंगावरचे कपडे वर करावे. पोट आणि छाती उजेडात दिसली पाहिजे.

सेकंदकाटा बारावर आला की मोजायला लागावे. पोट एकदा वर आले की एक श्वास. काटा पुन्हा बारावर येईपर्यंत मोजावे. पूर्ण एक मिनिट मोजावे. अर्धे मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण बाळाचा श्वास सारखा नसतो.

आता हा तक्ता पाठ करा. खोकला असलेल्या बाळाचा श्वास इतका भरला तर तो जलद समजावा:

२ महिन्यांहून लहान बाळ: मिनिटाला ६० किंवा जास्त.

२ महिने पूर्ण ते १ वर्षाच्या आतील बाळ: मिनिटाला ५० किंवा जास्त.

१ वर्ष पूर्ण ते ५ वर्षांच्या आतील मूल: मिनिटाला ४० किंवा जास्त.

पहा, वय वाढते तसा आकडा कमी होतो. ६०, ५०, ४०. जिना उतरावा तसे. लक्षात ठेवायला सोपे आहे.

श्वास जलद असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. दोन महिन्यांहून लहान बाळ असेल तर एक तासही घरी ठेवू नये, मोठ्या दवाखान्यात न्यावे.

दुसरी खूण याहून वाईट. बाळ श्वास आत घेते तेव्हा छाती फुगायला हवी. त्याऐवजी बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जात असेल, तर रोग जोराचा आहे. मग मोजत बसू नये. गाडी बोलवावी.

आमच्या वर्गातली एक हकिगत सांगतो. पौषाची थंडी होती. वर्गात येणाऱ्या एका सूनबाईंचे सात महिन्यांचे लेकरू दोन दिवस खोकत होते. त्या रात्री ते दूध ओढीना. सासू म्हणाली, “पोट उडतंय. पोटावर डाग द्या, राहील.” सूनबाई म्हणाली, “आत्याबाई, एक मिनिट थांबा. मला मोजू द्या.” तिने भिंतीवरच्या घड्याळासमोर बाळ मांडीवर घेतले आणि मोजले. अठ्ठावन्न भरले. तिने पुन्हा मोजले. पुन्हा अठ्ठावन्न. ती सासूला म्हणाली, “आत्याबाई, पन्नासच्या वर गेलं. गुरुजींनी सांगितलंय, पन्नासच्या वर दवाखाना.” आशाताईंना उठविले. गाडी आली. डॉक्टरांनी छाती ऐकली, बरगड्या पाहिल्या आणि बाळाला ठेवून घेतले. प्राणवायू लावला, औषध सुरू केले. सहाव्या दिवशी बाळ घरी आले. आता ती सासूच आळीत सांगते, “डाग देऊ नगा, आधी मोजा.”

सासूबाईंना नावे ठेवू नयेत. त्यांनी लहानपणापासून जे पाहिले तेच सांगितले. पण डाग दिल्याने फुग्यांतला पू जात नाही. बाळाला वेदना होतात, जखम पिकते आणि मोलाचा वेळ जातो. न्युमोनियाला वेळेवर दिलेले जंतुनाशक औषध लागते. ते डॉक्टर सांगतील तितके दिवस पुरते द्यावे. बाळ हसू लागले म्हणून मध्येच बंद करू नये.

७. गडचिरोलीचे मणी

कोणी म्हणेल, “ज्याला साठपर्यंत मोजता येत नाही, त्याने काय करावे?” हाच प्रश्न आपल्या महाराष्ट्रात गडचिरोलीला पडला होता. तेथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग काम करतात. त्यांच्या भागात पुष्कळ बालके न्युमोनियाने दगावत. दवाखाने दूर, रस्ते कठीण. मग त्यांनी गावातल्याच माणसांना आणि सुइणींना शिकवायचे ठरविले. पण कित्येक सुइणींना अक्षर येत नव्हते, मोठे आकडे येत नव्हते.

त्यावर साधे साधन निघाले. एका मिनिटाची वाळूची घटिका आणि जवळ ओळीने मणी. वाळू पडू लागली की श्वास मोजायचे. दहा झाले की एक मणी सरकवायचा. पुन्हा एकपासून दहा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर न्युमोनिया समजायचा. दहापर्यंत मोजता आले की पुरे!

त्या गावांत अशा शिकविलेल्या माणसांनी औषध दिले. न्युमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या इतर गावांपेक्षा निम्म्याहून कमी राहिले. हा अनुभव १९९० साली ‘लॅन्सेट’ या विलायतेतील वैद्यकीय पत्रिकेत छापून आला. गावची सुईण जे करू शकते, ते साक्षर झालेली आई नक्कीच करू शकेल.

८. आपल्या जिल्ह्यातील जामखेड

लांब कशाला जा? आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातच, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, जामखेड आहे. दुष्काळी मुलूख. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे पतिपत्नी तेथे आले. मोठ्या शहरात त्यांना भरपूर पैसा मिळाला असता. ते जामखेडला राहिले. त्यांनी पाहिले की डॉक्टर दवाखान्यात बसून गाव निरोगी होत नाही. म्हणून प्रत्येक गावाने आपल्यातलीच एक बाई निवडावी, असे त्यांनी ठरविले. यांतल्या कित्येक बाया शाळेत गेल्या नव्हत्या. कित्येक दलित आणि गरीब घरच्या होत्या. त्या जामखेडला येऊन शिकत आणि शिकलेले गावात जाऊन सांगत. बाळंतपण, बाळाची निगा, जुलाब, क्षय, कुष्ठरोग, सारे त्या शिकल्या.

पहिल्यांदा लोक म्हणाले, “हिला काय कळतंय?” पुढे तेच लोक रात्री तिचे दार वाजवू लागले. आरोळे पतिपत्नींना १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल १९९९ साली आणि डॉ. रजनीकांत २०११ साली वारले. पण ती रीत देशोदेशी पोचली. आज गावोगाव आशाताई आहेत. त्यांना हाक मारायला संकोच करू नये.

९. दोन आठवड्यांचा खोकला

मोठ्या माणसाचा खोकला दोन आठवडे टिकला तर थुंकी तपासून घ्यावी. संध्याकाळचा ताप, घटते वजन, रात्रीचा घाम, थुंकीत रक्त, यांपैकी काही असेल तर दोन आठवडेही थांबू नये.

क्षयाचा जंतू डोळ्यांना दिसत नाही. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरांनी तो शोधून काढला आणि २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन शहरात जाहीर केला. म्हणजे क्षय हा पापाचे फळ नाही, करणी नाही, घराण्याचा शाप नाही. तो जंतूने होतो. रोगी खोकला की जंतू हवेत उडतात आणि जवळच्याच्या छातीत जातात.

तपासायला थुंकी कशी द्यावी? नुसती लाळ देऊ नये. चूळ भरावी. खोल श्वास घ्यावा. छातीतून खाकरून बेडका काढावा आणि डबीत टाकावा. सकाळी उठल्याबरोबरचा बेडका चांगला. उघड्यावर, मोकळ्या हवेत जाऊन द्यावा, म्हणजे घरच्यांना त्रास नाही. थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. आता यंत्रावरही तपासतात. ‘ट्रूनॅट’ नावाचे असे एक यंत्र आपल्या शेजारच्या गोव्यातील कंपनीने बनविले आहे. नेहमीचे मुख्य औषध जंतूला लागू पडेल की नाही, हेही यंत्रावर कळते. लागेल तर छातीचा फोटो, म्हणजे एक्स-रे, काढतात.

पूर्वी क्षय झाला की माणसाला दूर आरोग्यधामात ठेवीत. मद्रासला १९५६ साली मोठा प्रयोग सुरू झाला. काही रोगी आरोग्यधामात ठेवले, काहींना घरी ठेवून औषध दिले. १९५९ साली निकाल छापला. घरचे रोगीही जवळजवळ तितकेच बरे झाले होते. म्हणून रोग्याला घराबाहेर काढू नये. साध्या क्षयाला रोज गोळ्या घेऊन सहा महिने लागतात. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध फुकट असते. पोषणासाठी रोग्याच्या खात्यात महिन्याला १,००० रुपये देण्याची योजना आहे. पूर्वी ५०० मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून रक्कम वाढली.

दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंग भरते. मग माणूस म्हणतो, “झालो की बरा!” आणि गोळ्या सोडतो. येथेच घात होतो. उरलेले जंतू चिवट होतात आणि नेहमीच्या औषधाला दाद देत नाहीत. हरळी वरवर कापली तर पुन्हा येते, मुळासकट खणावी लागते. तसेच हे आहे.

१०. दमा, धूर आणि विडी

“आमच्या म्हातारीने जन्मात विडी ओढली नाही, तरी तिला धाप कशी?” असे लोक विचारतात. तिने विडी ओढली नाही, पण पन्नास वर्षे चूल फुंकली. शेणी, काटक्या, पाचट यांचा धूर तिने भाकरीबरोबर रोज गिळला. डॉक्टर तिला एका यंत्राच्या नळीत जोराने फुंकायला सांगतात. पहिल्या सेकंदाला किती हवा बाहेर पडली, ते यंत्र दाखविते. त्यावरून नळ्या किती आवळल्या आहेत ते कळते.

जुनी धाप पुरती बरी होत नाही, पण विडी आणि धूर सोडला तर ती वाढायची मंदावते आणि औषधाने आराम पडतो. चुलीला धुराडे करावे. गॅस असेल तर तो पाहुण्यांपुरता ठेवू नये. लेकराला चुलीजवळ पाळण्यात टांगू नये.

दम्यासाठी डॉक्टर तोंडाने ओढायचा पंप देतात. लोक त्याला भितात. “पंप लागला म्हंजे संपलं, त्याची सवय लागते,” असे म्हणतात. हे खरे नाही. पंपातले औषध थेट छातीत जाते, म्हणून थोडे पुरते. गोळीचे औषध सगळ्या अंगभर फिरते. पंप ओढण्याची रीत मात्र डॉक्टरांसमोर करून दाखवावी. चुकीचा ओढला तर औषध घशातच राहते.

११. बोटाला लावायचे यंत्र

२०२० आणि २०२१ साली करोनाची साथ आली. तेव्हा चिमट्यासारखे एक यंत्र घरोघर पोचले. ते बोटाला लावले की रक्तातल्या प्राणवायूचा आकडा दिसतो. निरोगी माणसाचा आकडा बहुधा ९५ ते १०० असतो. ९४ च्या खाली गेला तर डॉक्टरांना विचारावे. ९० च्या खाली गेला तर ताबडतोब दवाखान्यात न्यावे. हात गार असेल किंवा नखाला रंग असेल तर आकडा चुकू शकतो. हात चोळून गरम करावा आणि पुन्हा पाहावे.

आपल्याच जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने २०२१ च्या लाटेत घरोघर जाऊन माणसे तपासली, आजारी माणसे वेगळी ठेवली आणि मे महिन्यात गाव करोनामुक्त केले. गावाने मनावर घेतले तर काय होते, याचे हे उदाहरण आहे.

पण यंत्रावर सारा भार टाकू नये. आकडा चांगला आणि माणूस मात्र धापा टाकतो, असे असेल तर माणसाकडे पाहावे.

१२. केव्हा क्षणभरही थांबू नये

बाळ दूध ओढत नाही, सारखे ओकते, झटके येतात, हाक मारूनही जागे होत नाही.

श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतो. शांत असतानाही घशातून घरघर येते.

ओठ, जीभ निळी पडते.

मोठे माणूस दोन शब्दही सलग बोलू शकत नाही, किंवा बरळू लागते.

खोकल्यातून रक्त पडते. छातीत एकाएकी कळ येऊन दम कोंडतो.

अशा वेळी १०८ या क्रमांकावर फोन करावा. गाडीला पैसे पडत नाहीत. गावाचे नाव, वस्तीचे नाव आणि जवळची खूण नीट सांगावी. रोग्याला सपाट निजवू नये, टेकून बसवावे. बाळाला आईजवळ उबेत ठेवावे.

आणि रोग येण्याआधीची तजवीजही करावी. बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे. लसी चुकवू नयेत. न्युमोनियाची लस आता सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ती दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि नवव्या महिन्यात देतात. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी लसीचे कार्ड बरोबर न्यावे. कारखान्यावरही आशाताईंना विचारून लस घेता येते.

लक्षात ठेवा

६०, ५०, ४०. लहानाला मोठा आकडा, मोठ्याला लहान.

खोकला दोन आठवडे, तर थुंकीची तपासणी.

गोळ्या सहा महिने. बरे वाटले तरी सोडू नये.

आधी तपासणी, मग औषध.

प्रश्न

१. आठ महिन्यांच्या बाळाचे एका मिनिटात ५४ श्वास भरले. तुम्ही काय कराल?

२. तीन वर्षांच्या मुलाचे ३२ श्वास भरले, ते खेळते आणि खाते. त्याचा श्वास जलद आहे का?

३. डॉक्टर छातीवर बोटाने का ठोकतात? मडक्याचे उदाहरण देऊन सांगा.

४. तुमच्या घरात कोणाला खोकला असेल तर तो कोणत्या सणापासून किंवा तिथीपासून आहे, ते वहीत लिहा.

करून पहा

आज रात्री घरातले लेकरू निजल्यावर त्याचा श्वास एक मिनिट मोजा. आकडा वहीत लिहा. लेकरू चांगले असताना हात बसला, तर अडचणीच्या वेळी हात थरथरणार नाही. मग शेजारच्या एका आईला मोजायला शिकवा.